सत्तावन्न हजार फोटोंचा हिशेब: दादासाहेब फाळके नेमकं काय काय करत होते

१९१३ साली सुरतेत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. सुरतकरांचं फारसं चुकत नव्हतं. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला मिळत असताना दीड तासाच्या मुक्या खेळाला तीन आणे कोण मोजणार? फाळक्यांनी खेळ बदलला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत! मग गर्दी झाली.

या जाहिरातीतला एक आकडा जवळजवळ खरा आहे आणि दुसरा साफ खोटा. कोणता ते कळलं की त्या काळचा चित्रपट म्हणजे काय चीज होती हेही कळतं.

३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. चौकट म्हणजे एक स्वतंत्र फोटो. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा होता. ३७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. तेव्हा सत्तावन्न हजार ही थाप नाही, उलट थोडी कमीच बोली आहे. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, आणि हा चित्रपट पाऊण मैलही भरत नाही. सत्तावन्न हजार हा फोटोग्राफरचा आकडा आहे आणि दोन मैल हा जादूगाराचा. फाळके दोन्ही होते.

याच हिशेबातून आणखी एक कोडं सुटतं. हा चित्रपट किती वेळाचा होता, याचे वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. सेकंदाला १६ चौकटी दाखवल्या तर सेकंदाला एक फूट फिल्म सरकते, म्हणजे ३७०० फुटांना तासाभराहून दोन मिनिटं जास्त. पण प्रोजेक्टर हाताने फिरत असे. ऑपरेटरला घाई असेल तर तोच खेळ पन्नास मिनिटांतही उरकायचा. मध्ये रिळं बदलण्याचा वेळ आणि सोबतचे नाच-विनोदाचे कार्यक्रम धरले की दीड तास होई. मुंबईत ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लागला तेव्हा सोबत नाच, विनोदी प्रवेश आणि कसरतीचे खेळ होतेच. म्हणून मूकपटाची लांबी मिनिटांत विचारू नये, फुटांत विचारावी.

आता माणसाकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे जाणकार. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश, मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी. तिथे छपाईचे ठसे बनवण्याचं तंत्र शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं आणि गोध्रा सुटलं. पुढे एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, ती स्वदेशीच्या लाटेत सोडली. लोणावळ्याला आणि नंतर दादरला छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही धंदा सोडला.

वरवर पाहिलं तर चाळिशीपर्यंत एका जागी न टिकलेल्या माणसाची ही यादी आहे. पण १९१२ सालच्या चित्रपटाला काय काय लागत होतं ते समोर ठेवलं तर एकही धंदा वाया गेलेला दिसत नाही. प्रकाश आणि रसायनं यांची समज फोटोग्राफीतून आली, काळोख्या खोलीतला काटेकोरपणा ठशांच्या कामातून, पडदे रंगवणं चित्रकलेतून, गायब होण्या-प्रगटण्याची युक्ती जादूतून. लोखंडी यंत्र उघडून दुरुस्त करायची सवय छापखान्याने लावली. त्या वर्षी मुंबईत हे सगळं एका अंगात असलेला दुसरा माणूस शोधून सापडला नसता.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील हा विचार डोक्यात बसला. त्यानंतर रोज तासन् तास चित्रपट पाहून डोळ्यांवर असा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. वेगवेगळे चष्मे लावून डॉक्टरांनी दृष्टी परत आणली. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथल्या एका सिनेसाप्ताहिकाच्या संपादकाने त्यांची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली, आणि हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी सगळी कामं जवळून पाहिली. परत येताना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, छपाईचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची सोय करून आले. १ एप्रिल १९१२ ला फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली.

पैसेवाल्यांना पटवायला एक नमुना हवा होता. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवून वर चढताना दिसलं. रोज एकेक चौकट घेतली, असं सांगण्याची पद्धत आहे, पण गणित जमत नाही. रोज एक म्हणजे महिन्याला तीस चौकटी, आणि तीस चौकटी पडद्यावर दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. अशा कामात खरी अडचण वेळाची नसते. कुंडी केसभर जरी हलली तरी पडद्यावर रोप टुणकन उडी मारतं, आणि सकाळचं ऊन आणि ढगाळ दुपार एकापाठोपाठ आली की चित्र लुकलुकतं. नमुना चालला, भांडवल मिळालं. तरी दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडलेच.

इथून पुढे कामाचा क्रम बघू, कारण 'दिग्दर्शक' या शब्दाखाली आज जे येतं ते यातलं जेमतेम दहावा हिस्सा आहे.

कच्ची फिल्म कडेला भोकं नसलेल्या पट्टीच्या रूपात येई. प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं पाडायची, दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिलिमीटर. चार भोकं म्हणजे १९ मिलिमीटर, तीच एका चौकटीची उंची. कॅमेऱ्याच्या आतला आकडा या भोकांत अडकून फिल्म एकेक चौकट खाली ओढतो. अंतर जरा चुकलं तर चौकट थोडी वर किंवा खाली थांबते आणि पडद्यावर चित्र थरथरतं. ३७०० फुटांना अशी चार लाख सत्तर हजारांवर भोकं लागतात, आणि छापील प्रतीला पुन्हा तेवढीच. फुकट गेलेली फिल्म वेगळीच. यंत्र एका दाबात अनेक भोकं पाडायचं हे खरं, पण सगळं काळोखात करायचं. हे काम सरस्वतीबाई शिकल्या होत्या. रसायनं मिसळणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड फेकणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, ही कामंही त्यांच्याकडेच होती. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. तेव्हा श्रेयनामावलीच नव्हती म्हणा, पण असती तर निम्मी जागा त्यांना द्यावी लागली असती.

कॅमेऱ्याचं हँडल त्र्यंबक तेलंग फिरवायचे. ते फाळक्यांचे मित्र, त्यांना कॅमेरा फाळक्यांनीच शिकवला. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. हा ताल सोडायचा नाही, समोर राजा तलवार काढो नाहीतर राणी रडो. उजेड कमी पडला की हात आपोआप मंदावतो. तेवढ्याने फिल्मला प्रकाश जास्त मिळतो हे खरं, पण मग पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. जुन्या मूकपटांतली ती धावपळ बहुतेकदा अशी आलेली असते, किंवा पुढे बोलपटाच्या वेगाने दाखवल्यामुळे. नट बिचारे बरोबरच चालत होते.

दिवे नव्हते. दादर मेन रोडवरच्या बंगल्याच्या आवारात उघड्यावर देखावे उभे केलेले असत. सकाळ चढल्यापासून ऊन कलेपर्यंत कामाचे तास, आणि पावसाळ्यात काही नाही. डोक्यावरचं ऊन थेट पडलं की नटाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. म्हणून वर पातळ कापड ताणायचं आणि खालून चादरीने उजेड परतवायचा.

त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार दिसायचा, तांबडा दिसायचाच नाही. निळं आकाश कागदासारखं पांढरं यायचं. लाल कुंकू, विड्याने रंगलेले ओठ आणि लाल शालू सरळ काळे यायचे. सावळी कातडी प्रत्यक्षाहून दोन छटा गडद उमटायची, म्हणून तोंडाला फिकट रंग फासावा लागे. रंगमंचाचा लालसर मेकअप करून आलेला नट कॅमेऱ्यात रोगट दिसे. वेशभूषा ठरवताना डोळ्यांना काय दिसतं ते बाजूला ठेवून फिल्मला काय दिसेल ते बघावं लागे. ही नजर वर्षानुवर्षं काचेच्या निगेटिव्हवर काम केल्याशिवाय येत नाही.

याचा एक फायदा असा की गडद तांबड्या दिव्यात फिल्म उघडी करून धुता येई. साधारण दोनशे फुटांची पट्टी लाकडी चौकटीवर गुंडाळायची, डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या, हौदात बुडवायची, चित्र उमटताना डोळ्यांनी पाहायचं, पाण्यातून काढायचं, हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, ठेवायचं, मग भरपूर पाण्यात धुवायचं. हायपो राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत पिवळे डाग येतात. त्यानंतर मोठ्या ढोलावर गुंडाळून वाळवायचं. डेव्हलपर अठरा-वीस अंश सेल्सिअसच्या आसपास हवा आणि मुंबईचं नळाचं पाणी एप्रिलमध्ये तीस अंशांच्या घरात. गरम द्रावणात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, कडेला चुण्या पडतात आणि हाताळताना तो सोलून निघतो. त्यावर त्या काळचे उपाय म्हणजे बर्फ, थर घट्ट करायला तुरटी, आणि रात्रीचं काम. वाळताना धूळ बसली तर ती कायमची बसते. एका चौकटीवरचा कण पडद्यावर सुपारीएवढा दिसतो.

निगेटिव्ह झाली की दुसऱ्या कोऱ्या फिल्मला चिकटवून उजेडासमोरून सरकवायची, की पॉझिटिव्ह तयार. तीही पुन्हा त्याच हौदांतून धुवायची. मग कात्री. दोन तुकडे जोडताना एका टोकावरचा थर खरवडून फिल्मच्या सिमेंटने चिकटवायचं. थर नीट खरवडला नाही तर जोड प्रोजेक्टरमध्ये सुटतो, आणि दिव्यासमोर अडकलेली नायट्रेट फिल्म दोन-तीन सेकंदांत पेट घेते. ती विझवता येत नाही. जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा जळते.

चमत्कारांचं रहस्य एवढं सगळं कळल्यावर सोपं वाटतं. देव अचानक प्रगटायचा असेल तर हँडल थांबवायचं, सगळ्यांनी होते तसे पुतळे व्हायचं, देवाने जागेवर येऊन उभं राहायचं, हँडल पुन्हा सुरू. कुणाचा हात मध्येच खाली आला की चमत्कार फसला. धुरासारखी पारदर्शक आकृती हवी असेल तर तीच फिल्म दोनदा उघडी करायची. पहिल्या वेळी नेहमीचा प्रवेश घ्यायचा आणि फेरे मोजून ठेवायचे. समजा चाळीस फेरे, म्हणजे ३२० चौकटी, वीस सेकंद. भिंग झाकून चाळीस फेरे उलटे फिरवायचे. मग काळ्या मखमलीपुढे उभ्या केलेल्या आकृतीचे चाळीस फेरे घ्यायचे. काळ्यातून फिल्मवर काही उमटत नाही, फक्त आकृती आधीच्या चित्रावर बसते. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये विश्वामित्राच्या यज्ञातल्या ज्वाळांत दिसणाऱ्या शक्ती या जातीच्या आहेत. फेरा मोजण्यात चूक झाली किंवा फिल्म एका भोकाने घसरली तर आकृती मागच्या चित्रावर नीट बसत नाही, आणि हे कळतं फिल्म धुतल्यावर, नट घरी गेल्यावर.

माणसं मिळवणं यंत्राइतकंच जड गेलं. कुठल्याही स्त्रीने काम करायला होकार दिला नाही. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत महिना दहा रुपयांवर काम करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. राण्या-दासींच्या भूमिकांसाठी मिश्या काढायला पोरं तयार होईनात, कारण मिशी उतरवायची ती बाप वारल्यावर. सिनेमात काम करतो म्हणणं लाजिरवाणं होतं, म्हणून विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे' असं सांगायची सूचना होती. शब्द अगदी नेमका पडला. सहा महिने सत्तावीस दिवस तिथे चाललं ते कारखान्याचंच काम.

पहिला भारतीय चित्रपट कोणाचा, या वादाचंही उत्तर यातच आहे. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला, म्हणजे वर्षभर आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये लागला होता. पण तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. तारीख बघाल तर तोरणे पहिले, भोकं पाडण्यापासून पडद्यापर्यंतचं काम बघाल तर फाळके. भांडण तारखेचं नाही, व्याख्येचं आहे.

पुढची पाच-सहा वर्षं फाळक्यांच्या भरभराटीची. मुक्काम नाशिकला हलला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि स्त्री-भूमिकेचा प्रश्न एकदाचा सुटू लागला. १९१४ मध्ये लंडनला त्यांच्या चित्रपटांचे खेळ झाले, तिथेच राहून काम करण्याचं बोलावणं आलं, ते त्यांनी नाकारलं. परतले तर महायुद्ध सुरू, भांडवलदार मागे हटलेले. १९१७ च्या 'लंका दहन'ने पुन्हा पैसा आणला. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. त्याच सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपटही काढला. भांडवलदारांना आणि प्रेक्षकांना धंदा समजावून सांगायची त्यांची खोड वाटाण्यापासूनची. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. खेळ सुरू होण्याआधी ती नुसत्या चेहऱ्याने निरनिराळे भाव करून दाखवते. हा भाग आजही पाहण्यासारखा आहे.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आता भागीदारांचा होता आणि कुरबुर अपेक्षेप्रमाणे झाली. भागीदारांना खर्चाचे कागद आणि वेळेचं बंधन हवं होतं. फाळक्यांना फिल्म स्वतःच्या मनासारखी होईपर्यंत वेळ हवा होता. ज्याने भोकांपासून सगळं स्वतः केलं त्याला 'हे काम तुमचं नाही' असं कोणी सांगितलं की काय होणार? कंपनी सोडून ते काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परतले. चित्रपट काढत राहिले, पण नवे लोक पुढे गेले होते.

बोलपटाने उरलेलं मोडलं, आणि त्याचं कारण पुन्हा तांत्रिक आहे. आवाज फिल्मवर घ्यायचा तर वेग सेकंदाला २४ चौकटींवर पक्का लागतो. हातात ताल असून उपयोग नाही, मोटर हवी. मिनिटाला ६० फुटांऐवजी ९० फूट फिल्म जळते, म्हणजे कच्च्या मालाचा खर्च दीडपट. उघड्यावर आवाज नीट मिळत नाही, तेव्हा बंद स्टुडिओ हवा आणि बंद स्टुडिओ म्हटला की दिवे हवेत. ध्वनिलेखक, विजेची माणसं, संगीताची मंडळी आली. अंगणातल्या कारखान्यात हे मावत नाही. १९३१ ला 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला. १९३२ ला प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, गोष्ट तीच हरिश्चंद्राची. त्याच वर्षीचा फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुका होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापुरात केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले.

नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी उरलं फार थोडं. नायट्रेट फिल्म जळली नाही तरी कुजते: आधी चिकट होते, मग तिला फेस येतो आणि शेवटी तपकिरी भुकटी. आपल्या उकाड्यात आणि दमट हवेत हे लवकर होतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या काळात फाळके कुटुंबीयांकडून मिळवलेले तुकडे नसते तर बोलायलाही काही राहिलं नसतं. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जे दिसतं ती पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आहेत, आणि ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये फाळक्यांनीच पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. पाहायला बसलात तर सुरुवातीला गोष्टीकडे लक्ष देऊ नका. सावल्या कोणत्या बाजूला पडल्यात त्यावरून वेळ ओळखा, वाऱ्याने मागचा रंगवलेला पडदा हलतो का ते बघा, आणि ज्वाळांतल्या आकृत्या किती स्थिर आहेत ते मोजा. 'चित्रपट कसे तयार करतात'चाही एक तुकडा उरला आहे. त्यात खुद्द फाळके दिसतात, फिल्मची पट्टी उजेडात धरून एकेक चौकट तपासताना.